मालगाडीचा बोजा आणि वेग

चि. बाळास,

मालगाड्यांच्या बोज्याचे तक्ते ठरविण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे कळले आणि आनंदाबरोबर काळजीही वाटली. कारण दफ्तरात बसून केलेल्या भागाकाराचे फळ फूटप्लेटवर रात्रभर कोळसा ओढणाऱ्या फायरमनला भोगावे लागते.

1950 पासून आलेले डब्ल्यूजी हे वाफेचे इंजिन घे. त्याची ओढ 38,890 पौंड. शंभरात एक अशा चढणीवर दर टनामागे 22.4 पौंड ओढ केवळ चढणच खाते. त्यात सपाटीवरील घर्षणाचे पाच-सात पौंड मिळविले, तरी इंजिन-टेंडर धरून तेराशे टनांचा बोजा कागदावर बिनतक्रार बसतो. परंतु चाके जेमतेम फिरत असतात तोवरच ही ओढ खरी. वेग वाढताच सिलिंडरांना हवी तितकी वाफ बॉयलर पुरवू शकत नाही, ड्रायव्हरला ती लवकर तोडावी लागते, आणि ओढ उतरत जाते. मग बॉयलरमधील दाबाचा काटा 210 पौंडांवरून खाली झुकू लागतो, काचेतले पाणीही उतरते, आणि बॉयलरमध्ये पाणी सोडणारा इंजेक्टर लावावा तर दाब आणखी पडतो, न लावावा तर बॉयलरला धोका, अशा पेचात इंजिनावरची दोन-तीन माणसे सापडतात. पावसाने रूळ ओले असले तर वाळू टाकूनही चाके जागच्या जागी फिरतात, गाडी सेक्शनच्या मध्येच उभी राहते आणि मागची मेल सिग्नलापाशी खोळंबते.

म्हणून नुसते टन मोजू नकोस. तासाला किती टन-मैल पार पडले ते मोज. हजार टन ताशी दहा मैलांनी नेले तर दहा हजार होतात, सातशे टन वीस मैलांनी नेले तर चौदा हजार, शिवाय लाइनही लवकर मोकळी होते. अर्थात बोजा फारच उतरविला तर तितक्याच मालासाठी अधिक इंजिने व अधिक माणसे गुंतून पडतील, हेही विसरू नये.

आणखी एक तजवीज कर. जिथे उतारावरून आलेला वेग पुढच्या आखूड चढणीला उपयोगी पडतो तिथे थोडा अधिक बोजा देण्यास हरकत नाही. मात्र त्या चढणीच्या पायथ्याशीच सिग्नल असेल, तर तो वेग हिशेबात मुळीच धरू नये, कारण गाडी तिथे थांबली की सगळा चढ पहिल्यापासून ओढावा लागतो.

तक्त्यावर सही करण्यापूर्वी, इगतपुरीहून भुसावळपर्यंत, ऐन पावसाळ्यात एकदा मालगाडीच्या फूटप्लेटवर उभा राहून ये, आणि ड्रायव्हरला काय वाटते ते त्याच्याच तोंडून ऐक.

तुझा,
काका