राजिमची एक दिवसाची रेल्वेवारी

नागपूर, पुणे वा मुंबईहून चाकरीनिमित्त नव्या रायपुरात येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांत रविवारच्या सहलीचा विषय निघाला की कोणी सिरपूर सुचवतो, कोणी बारनवापाऱ्याचे अरण्य, कोणी डोंगरगडची बम्लेश्वरी; आणि एकाच दिवसात ही तिन्ही कशी उरकता येतील याची मसलत चालली असताना, मोटारीची तजवीज होईपर्यंत दहा वाजून जाऊन, सहल पुढच्या रविवारवर ढकलली जाते. ज्यांच्यापाशी वेळ थोडा आणि हौस बेताची आहे, त्यांनी एक नदी, एक देवालय आणि जाण्यायेण्यास आगगाडी एवढाच संकल्प करून राजिमला जावे.

बंगाल-नागपूर रेल्वेच्या अमदानीत रायपूर ते धमतरी अडीच फूट रुंदीचा छोटा लोहमार्ग पडला आणि अभनपूरहून त्याचा एक फाटा राजिमला गेला. ती छोटी गाडी आता इतिहासजमा झाली असली, तरी तिच्या जागी रुंद मार्ग येऊन मार्च २०२५ मध्ये अभनपूरपर्यंत आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात थेट राजिमपर्यंत मेमू गाडी सुरू झाली. ही गाडी मंदिर हसौदवरून वळसा घेऊन नव्या रायपुरातूनच जाते, त्यामुळे राजधानीच्या रहिवाशास जुन्या शहराच्या गर्दीत शिरण्याचे प्रयोजन उरत नाही. आरक्षणाची भानगड नाही. तिकीट खिडकीवर किंवा भ्रमणध्वनीवर काढावे. मात्र फेऱ्या मोजक्या आहेत आणि वेळा बदलतात, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक पाहिल्याशिवाय डबा भरू नये.

वाटेतल्या भातखाचरांचे रूप ऋतूप्रमाणे पालटते: श्रावणात पाण्यात उभी हिरवळ, कार्तिकात पिवळे लोंबते कणीस, आणि माघानंतर नुसती धसकटे. प्रवासास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. उन्हाळ्यात नदीची वाळू इतकी तापते की अनवाणी चालणाऱ्याची भक्ती दहा पावलांत संपते. तेव्हा जाड पायमोज्यांचा एक जोड पिशवीत असावा. माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे मोठी जत्रा भरते. जत्रा पाहावयाची असेल तरच त्या दिवसांत जावे, निवांतपणा हवा असेल तर ते दिवस टाळावे.

महानदीच्या एका काठी नवापारा आणि दुसऱ्या काठी राजिम अशी ही जुळी गावे आहेत. प्रथम राजीवलोचनाचे, म्हणजे विष्णूचे, दर्शन घ्यावे, कारण मध्यान्ही देवाचे दार काही काळ बंद असण्याचा संभव असतो. मंडपाच्या स्तंभांवरील मूर्ती एकेक करून पाहाव्या आणि मग भिंतीतील शिलालेखांपाशी थांबावे. त्यांपैकी जगपालदेवाच्या लेखावर कलचुरी संवत ८९६, म्हणजे इ. स. ११४५, हा काळ कोरलेला आहे. त्यानंतर सहा शतकांनी, १७४१ मध्ये, नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करराम याची स्वारी रतनपुरावर आली, बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत तेथून या मुलखाचा कारभार केला आणि त्यांच्यामागे सुभेदार व परगण्यांतून कमाविसदार आले. हे ठाऊक असलेला मराठी प्रवासी येथे केवळ पाहुणा म्हणून उभा राहत नाही. जमाखर्चाच्या जुन्या वह्यांत आपल्याही पूर्वजांची मोडी असेल, हा विचार त्याला थोडा अंतर्मुख करतो.

महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमात, पात्राच्या मधोमध, कुलेश्वर महादेवाचे देऊळ आहे. पुराचा मारा एकाच सपाट भिंतीवर न येता कोनाकोनांवर फुटून वाहून जावा, अशा बेताने त्याचे उंच अष्टकोनी जोते बांधलेले दिसते. पावसाळ्यात ते पाण्याने वेढले जाते. अशा वेळी झुलत्या पुलावरून जावे आणि पात्रात उतरण्याचे धाडस करू नये.

फराळास चीला मागावा. तांदळाच्या पिठाचा हा पातळ पदार्थ म्हणजे आपल्या घावनाचा सख्खा भाऊ. कडा तव्यावरून आपोआप सुटू लागल्या की तो उलटतात, आणि टोमॅटोच्या झणझणीत चटणीबरोबर तिसरा कधी संपला हे कळत नाही.

जवळच वल्लभाचार्यांचे जन्मस्थान चंपारण्य आहे, पण त्याचा मोह या खेपेस आवरावा. ते पुढच्या रविवारचे. राजिमच्या फलाटावर पाऊल ठेवताच देवळाची वाट विचारण्याआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. ती एकदा कागदावर टिपली म्हणजे उरलेला दिवस घड्याळाकडे न पाहता नदीकाठी घालवता येतो.