शिधापत्रिकेवरील नाव

कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत 'टाकलेली' हा शब्द पूर्वी सर्रास कानी पडे. फुटके भांडे टाकावे, जुने वस्त्र टाकावे, तशी अमक्याने बायको टाकली, असे लोक सहज बोलून जात. अशा स्त्रीला वैधव्य आलेले नसे, की रीतसर घटस्फोटही मिळालेला नसे. नवऱ्याने घराबाहेर काढले, एवढेच. कित्येकदा तो दुसरे लग्नही करी. वास्तविक 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने तो गुन्हा ठरविला होता. परंतु खेड्यातील पोरीला कायदा कोण सांगणार?

ती माहेरी येई. आईबाप असेपर्यंत निभावे. पुढे भावाच्या संसारात ती पाहुणी नसे आणि घरधनीणही नसे. साखर व रॉकेल ज्या शिधापत्रिकेवर मिळे, तीवर तिचे नाव सासरीच अडकून राही. सरकारदरबारी ती ज्या घरात नांदत होती, त्या घराचे दार तिला बंद होते!

या स्त्रियांचे दुःख वेशीवर मांडणाऱ्यांत कासेगावच्या इंदुताई पाटणकर या अग्रणी होत. त्यांचा जन्म 1925 सालचा. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लढ्यात त्यांनी तरुणपणी भाग घेतला. 1952 मध्ये पती बाबूजी यांची हत्या झाली, तेव्हा त्यांचा मुलगा अगदी लहान होता. तरीही त्यांनी सार्वजनिक कार्य सोडले नाही. 1980 नंतरच्या दशकात त्यांनी स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतून सांगली जिल्ह्यातील टाकलेल्या स्त्रियांना एकत्र आणले. अमेरिकेत जन्मलेल्या व कासेगावी स्थायिक झालेल्या त्यांच्या सूनबाई, विदुषी गेल ऑमव्हेट, याही त्या कार्यात होत्या. 'टाकलेली' याऐवजी 'परित्यक्ता' हा शब्द रूढ होत गेला. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: पोटगी, घरापुरती जागा आणि स्वतंत्र शिधापत्रिका.

पोटगीचा कायदा होताच. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 व्या कलमाप्रमाणे पत्नीला न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येई, आणि हुकूम होऊनही पैसे न देणाऱ्यास कैद होऊ शके. पण पोटगीला महिना 500 रुपयांची मर्यादा होती. शिवाय प्रत्येक तारखेस रोजगार बुडवून, पदरचे एसटीभाडे खर्चून तालुक्याला जावे लागे; नवरा गैरहजर राहिला की पुढची तारीख पडे. मिळणारी पोटगी मोठी की तिच्यासाठी बुडालेली मजुरी, असा प्रश्न पडावा! ही मर्यादा उठण्यास 2001 साल उजाडावे लागले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने सासरच्या घरात राहण्याचा हक्कही स्त्रीला दिला.

इंदुताई 2017 मध्ये कासेगावी निवर्तल्या. त्याआधी, 2013 साली, राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. त्या कायद्यान्वये मिळणाऱ्या शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीचे नाव लिहिले जाते.