ओवा, बाभूळ आणि शेळीचं कोटीपोट

मुरारमधलं मराठी घर. परसात दुधासाठी पाळलेल्या बरबरी शेळ्या. थोरल्या वहिनी त्यांचं सगळं करतात. धाकटे दीर निवृत्त पशुवैद्य.

वहिनी: भावोजी, ही पिशवी बघा, मेळ्यातून आणलीय. रोज मूठभर खुराकात घाला म्हणाला दुकानदार. पोट सुधारेल, दूधही वाढेल.

भावोजी: वास तर ओव्याचा येतोय. सुंठ, काळं मीठही असावं. पण कशाचं किती, ते छापलेलंच नाही.

वहिनी: स्वयंपाकघरातलंच सामान, त्यानं काय बिघडणार? जेवण जड झालं की आपण नाही का ओवा खात?

भावोजी: आपल्या पोटाचा कारभार वेगळा. शेळीनं खाल्लेलं आधी कोटीपोटातल्या, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंच्या वाट्याला जातं. चाऱ्यातला चोथा तिला स्वतःला पचवता येत नाही. जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर तिचा गुजारा चालतो, दुधातली चरबीसुद्धा बरीचशी तिथूनच येते. ओव्यातलं थायमॉल जंतुनाशक आहे. बेतानं दिलं तर आंबणं थोडं आटोक्यात राहतं. मुठीनं दिलं तर कामाचे जिवाणूही मारतं. शिवाय काही आठवड्यांत जिवाणू त्याला सरावतात, मग गुण ओसरतो. हे पिशवीवर कोण छापणार?

वहिनी: जिवाणूंवर इतकं अवलंबून?

भावोजी: सुबाभळीचंच घ्या. तिच्या पाल्यात मिमोसिन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात गुरांचे केस गळायचे, गळ्याला गाठी यायच्या. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत. १९८०च्या दशकात रेमंड जोन्स या शास्त्रज्ञानं तिथल्या शेळीच्या कोटीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांत सोडले, आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. त्या जिवाणूच्या नावात पुढे जोन्सचं नाव घातलं गेलं.

वहिनी: मग या वनस्पतींच्या चूर्णांचा एवढा बोलबाला का?

भावोजी: युरोपीय संघानं १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं. पर्याय म्हणून सगळ्यांची नजर वनस्पतींकडे गेली. त्यात तथ्य आहेच. रिठा, शिकेकाईतलं सॅपोनिन कोटीपोटातल्या प्रोटोझोआंना फोडतं. हे प्रोटोझोआ जिवाणूंना गिळतात आणि मिथेन करणाऱ्या जंतूंना आसरा देतात. ते घटले की शेळीला प्रथिनं जास्त मिळतात. पण बरेच प्रयोग काचेच्या भांड्यात झालेत, तेही जिवंत शेळीला देता येणार नाही एवढ्या मात्रेनं.

वहिनी: म्हणजे काहीच घालू नको?

भावोजी: घाला की, पण फुकटातलं. बाभळीचा पाला! चकरनगरकडची जमनापारी शेळी यमुना-चंबळच्या बीहडात असलाच काटेरी पाला ओरबाडत वाढली. शेळी मुळात मान वर करून खाणारी. बाभळीतलं टॅनिन कोटीपोटात प्रथिनांना धरून ठेवतं आणि चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात सोडून देतं. तेवढी प्रथिनं जिवाणूंच्या तावडीतून सुटून आतड्यात पोचतात. जंतांचीही अंडी कमी पडतात.

वहिनी: मग नुसती बाभूळच तोडून टाकते पुढ्यात.

भावोजी: तसं नको. कोरड्या खाद्याच्या हिशेबानं टॅनिन शेकडा दोन ते चारपर्यंत ठीक. पाचाच्या वर गेलं की शेळी खाणं कमी करते, लेंड्या घट्ट होतात. हिरव्यातला चौथा हिस्सा बाभूळ, बाकी बोरीचा पाला, हरभऱ्याचा भुसा, थोडी मोहरीची पेंड.

वहिनी: आणि पोट बरं आहे हे ओळखायचं कसं?

भावोजी: डाव्या कुशीवर मूठ दाबून उभ्या राहा. मिनिटाला एक-दोनदा आतून लाट आल्यासारखी मूठ वर ढकलली गेली पाहिजे. मग खालची पापणी ओढून बघा. गुलाबी-लाल असेल तर बरं. पांढुरकी दिसली तर रक्तपिते जंत आहेत असं समजा. तिथे बाभळीवर विसंबू नका, लेंड्या तपासून जंताचं औषधच द्यावं लागतं.

वहिनी: थंडीत बरसीम खाऊन या शेळीची कूस फुगली होती. हिंग-ओवा पाजला, उपयोग नाही झाला.

भावोजी: नाहीच होणार. ओल्या, कोवळ्या बरसीमनं आत फेस होतो, तो वाऱ्यासारखा ढेकरेतून निघत नाही. फेस मोडतो तेलानं. गोडं तेल हळूहळू पाजायचं, तोंड फार वर न उचलता, नाहीतर श्वासनळीत जातं. तेवढ्यात डॉक्टरला फोन. खरं म्हणजे बरसीम जरा सुकवून, आधी भुसा खायला घालून मगच द्यावी.

वहिनी: आणि लग्नातल्या उरलेल्या पुऱ्या, भात? शेजारचे आणून टाकतात हो.

भावोजी: आमच्या नोकरीत लग्नसराईतल्या शेळ्या जास्त दगावलेल्या पाहिल्या. भात-पिठानं कोटीपोट आंबट होतं आणि चांगले जिवाणू मरतात. त्यात आंत्रविषाराचा जंतू फोफावला तर धडधाकट शेळी एका रात्रीत जाते. त्याची लस आहे. पावसाळ्याआधी सगळ्या शेळ्यांना टोचून घ्या. चूर्णाच्या पैशांत ती सहज बसेल.