बाळाची पावडर

आंघोळ झाली की बाळाच्या काखेत, मानेच्या वळ्यांत आणि जांघेत पावडर थापायची, ही आपल्याकडे रीतच आहे. बारशाला डबेही इतके येतात की वर्षभर पुरावेत! पावडर वरच्या वर राहते, तिने काय होणार, असे आया-आज्या मला नेहमी सांगतात. हा समज चुकीचा आहे.

तान्ह्या बाळाची कातडी पातळ असते. शिवाय वजनाच्या मानाने तिचा विस्तार मोठ्या माणसाच्या अडीच-तीन पट असतो. त्यामुळे अंगाला लावलेले औषध बाळाच्या रक्तात कितीतरी जास्त उतरते. लंगोटाने जांघ सोलवटली असेल तर विचारायलाच नको.

१९७२ साली फ्रान्समध्ये बाळांच्या एका पावडरीत, ती तयार करताना झालेल्या चुकीमुळे, हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक ६ टक्क्यांहून अधिक मिसळले गेले. दोनशेवर माणसे आजारी पडली, त्यांत बहुतेक लहान मुलेच. ३६ मुले दगावली. कोणी त्यांना ते पाजले नव्हते. कातडीतून रक्तात आणि तिथून मेंदूत ते गेले होते.

आपल्या घरात बोरिक पावडर असते. ती कॅरमवर खुशाल टाका, बाळाच्या लाल झालेल्या जांघेवर नको. अंगात भिनली तर उलट्या, जुलाब होतात, आकडीही येते. कापराचेही तसेच. सर्दीसाठी छातीला कापराचे तेल किंवा नाकाला बाम लावणे दोन वर्षांखालील मुलांना धोक्याचे आहे.

साध्या टाल्कम पावडरीत औषध नसते, पण ती श्वासात जाते. बाळाने डबा तोंडावर उपडा केला आणि नंतर खोकला किंवा धाप लागली तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वेखंडाची पूडही शेवटी भुकटीच.

मग लावायचे काय? खरे तर फारसे काहीच नाही. वळ्या मऊ कापडाने टिपून कोरड्या कराव्यात, ओला लंगोट लगेच बदलावा, बाळाला थोडा वेळ उघडे ठेवावे. अंगाला बिनवासाचे खोबरेल पुरते. जांघ लाल झाली तर झिंक ऑक्साइडचे साधे मलम लावावे. दोन-तीन दिवसांत लाली ओसरली नाही, फोड आले किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे. अशा वेळी पुष्कळदा बुरशी झालेली असते आणि शेजारणीने दिलेली खाजेची ट्यूब लावून लोक माझ्याकडे येतात. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टिरॉइड असते. लाली दोन दिवस दबते, बुरशी मात्र पसरते, आणि ते स्टिरॉइडही याच कातडीतून आत जाते.