तोंडी होकाराला आवक क्रमांक नसतो

मला कमी दिसतं. उरणमध्ये राहून पदवी घेतली. आता इथल्या पोरापोरींना कॉलेजचे अर्ज लिहून देते. त्यातून कळलं ते असं.

१. प्रवेश घेतानाच सवलतींबद्दल कॉलेजशी बोलून घ्यावं. त्याआधी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, हाताशी हवं. उरणहून अलिबागला जाताना करंजा-रेवस लाँचनं रस्त्याचा मोठा वळसा वाचतो, पण सोबत कुणीतरी न्यावं. धक्का आणि लाँच यांच्यामधली फट कुठल्याही कायद्यानं बुजलेली नाही.

२. 'मदत हवी' एवढ्यानं भागत नाही. काय हवं ते नेमकं लिहावं. माझी यादी अशी असायची: नोट्स टाइप केलेल्या, वहीचे फोटो नकोत, प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात, बाक खिडकीजवळचा, पण उजेड डोळ्यावर येणार नाही असा. अशा नोट्स आणि प्रश्नपत्रिका कशा तयार करतात हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नसेल, तर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधल्या एक्सआरसीव्हीसीला विचारावं. अंध विद्यार्थ्यांसाठी हे केंद्र २००३पासून चालू आहे.

३. ठरलेलं सगळं कागदावर यावं. आमच्या एका सरांनी वर्षभर सारं तोंडी निभावून नेलं. फार भला माणूस. त्यांची बदली झाली आणि नव्या मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. असणार तरी कसं? तेव्हापासून अर्जाच्या दोन प्रती काढते. एक ऑफिसात, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन घरी.

४. अर्जात कलम लिहावं. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून लागू आहे आणि परीक्षेतल्या सवलतींचं त्यातलं कलम १७. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. परीक्षा घेणारेच लेखनिक देणार असतील, तर दोन दिवस आधी त्याला भेटता येतं. ही भेट कधीच सोडू नये. 'ऱ्हास' आणि 'रास' यांतला फरक पेपरात समजावत बसलं, तर जादा तास तिथंच संपतो.

५. 'दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली बसतं, लेखनिक मिळणार नाही' असं अजूनही ऐकवतात. विकास कुमार यांना लिहिताना हाताला पेटके यायचे. त्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ला ही अट चुकीची ठरवली. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. लिहिता येत नसल्याचं सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र मात्र लागतं.

६. दर वर्षी नव्यानं ठरवावं. नजर बदलते, विषय बदलतात. शेवटच्या वर्षी मी लेखनिक नको म्हणून लिहून दिलं. मोठ्या अक्षरातला पेपर आणि वाढीव वेळ एवढंच ठेवलं. ऑफिसातल्या काकांना वाटलं, मी बरी झाले. पेढे मागत होते.