सायलस मार्नरचा वनवास

इंग्रज लेखिका जॉर्ज ईलियट (मूळ नाव मेरी अ‍ॅन एव्हान्स, १८१९–१८८०) हिची 'सायलस मार्नर' ही कादंबरी १८६१ साली प्रसिद्ध झाली. आकाराने ती लहान आहे. परंतु समाजातून तुटलेल्या मनुष्याचे मन कसकसे पालटत जाते, हे तीत फार बारकाईने दाखविले आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ती अवश्य वाचावी, या हेतूने तिच्या नायकाच्या स्वभावाचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

सायलस हा विणकर, 'लँटर्न यार्ड' येथील एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा निष्ठावंत सभासद. मंडळीचे पैसे चोरल्याचा खोटा आळ त्याच्यावर येतो; ज्या मित्रावर त्याचा जीव, त्यानेच हा कट रचलेला असतो. न्यायनिवाडा चिठ्ठ्या टाकून होतो आणि चिठ्ठी सायलसला दोषी ठरविते. पुढे त्याची वाग्दत्त वधूही त्याच मित्राशी विवाह करते. देवावरील व माणसांवरील विश्वास एकदमच गमावून सायलस दूरच्या रॅव्हलो या खेड्यात जाऊन राहतो.

डॅनियल डीफोच्या कादंबरीतील (१७१९) रॉबिन्सन क्रूसो निर्जन बेटावर २८ वर्षे काढतो. त्याच्याभोवती समुद्र असला तरी मनात माणसांची ओढ जिवंत असते. सायलसच्या भोवती शेजारी आहेत. पण ती ओढच आटली आहे. म्हणून त्याचा वनवास अधिक कठीण, असे आम्हांस वाटते.

या १५ वर्षांत तो कसा होतो? हातमाग चालविता चालविता तो स्वतःच यंत्रवत् बनतो. मिळालेल्या मोहरा तो मागाखालच्या विटांखाली पुरतो आणि रात्री काढून न्याहाळतो. एका शेजारणीस हृदयविकार झालेला पाहून, आईपासून शिकलेले झाडपाल्याचे औषध तो तिला देतो व तिला आराम पडतो. पण मग लोक त्याच्याकडे मंत्रतंत्र मागू लागतात. हा प्रामाणिक मनुष्य त्यांना झिडकारतो आणि पुढे कोणावर संकट आले की त्याचा दोष लोक त्याच्याच माथी मारतात. अशा रीतीने दयेच्या कृतीनेच त्याचा एकांत वाढतो.

तथापि लेखिकेने येथे एक लहानसा प्रसंग घातला आहे. १२ वर्षे विहिरीचे पाणी आणणारे त्याचे मातीचे भांडे फुटते. तो तुकडे घरी नेतो, जुळवितो आणि जुन्या जागी ठेवून देतो. आमच्या मते साऱ्या ग्रंथाचे मर्म या भांड्यात आहे. एकांताने प्रेम मरत नाही. ते आकसते व माणसाअभावी वस्तूंना बिलगते. सायलसचा लोभदेखील वाट चुकलेले प्रेमच होय.

म्हणूनच पुढील पालट खरा वाटतो. त्याचे सोने चोरीस जाते, तेव्हा तो प्रथमच शेजाऱ्यांकडे मदत मागावयास धावतो. त्यानंतर नववर्षाच्या आदल्या रात्री, बर्फातून वाट काढीत एक अनाथ बालिका त्याच्या चुलीपाशी येते. तिच्या सोनेरी केसांस तो क्षणभर आपले परत आलेले सोनेच समजतो! तिला वाढविताना, काय घालावे, काय खाऊ द्यावे, हे विचारण्यासाठी त्याला डॉली विन्थ्रॉप या शेजारणीचा सल्ला घ्यावा लागतो, आणि त्याचे बंद दार उघडते. मोहरांनी त्याला घरात कोंडले होते. मुलीने त्याला बोट धरून बाहेर नेले.

१६ वर्षांनी हरवलेले सोने सापडते, पण तोवर त्याचे मोल उरलेले नसते. सायलस निर्दोषित्वाचा उलगडा करून घेण्यासाठी लँटर्न यार्डला जातो, तो तेथे कारखाना उभा! त्याला न्याय कधीच मिळत नाही. तरीही तो विश्वासाने परततो, कारण तो विश्वास आता निकालावर अवलंबून नाही, एका मुलीच्या मायेवर उभा आहे.

विद्यार्थिमित्रहो, वर्गात एखाद्यावर आळ आला की आपण त्याच्या शेजारची जागा चटकन सोडतो. खरे काय ते निश्चित होईपर्यंत निदान ती जागा रिकामी ठेवू नये. पालकांसही हीच विनंती आहे. घरातील अबोल मुलाच्या एखाद्या क्षुल्लक वस्तूवरील हट्टास हसण्यापूर्वी ते फुटके भांडे आठवावे.