पालक-पाल्य समुद्रसफर : भरती-ओहोटीचा एक पाठ



दिवाळीची सुट्टी लागली की आपली निम्मी शाळा उधन्याहून नंदुरबार, अमळनेर, जळगावच्या गाडीत बसलेली असते. गावी जाणे चांगलेच आहे. परंतु भूगोलाच्या तासाला आम्ही विचारतो, "समुद्र कोणी कोणी पाहिला?" सगळे हात वर येतात. "कुठे?" असे विचारले की उत्तर एकच, डुमस. आणि तिथे काय पाहिले, तर टोमॅटोची भजी!

पुस्तकात 'उष्ण कटिबंधातील किनारे व बेटे' हे शब्द आले की मुलांना अंदमान, लक्षद्वीप किंवा टीव्हीवरचे थायलंड आठवते. नकाशा उघडून पाहावा. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, अहमदाबादच्याही उत्तरेकडून जाते. सुरत आहे सुमारे एकवीस अंशांवर. म्हणजे आपण भेस्तानकर उष्ण कटिबंधातच राहतो. माडांची रांग, पांढरी वाळू आणि समुद्रातली बेटे पाहायला विमानाची गरज नाही. अलिबागचा कुलाबा, मुरूडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग, मालवणचा सिंधुदुर्ग ही सारी बेटेच आहेत. भेस्तानहून मुंबई, गेटवेवरून मांडव्याची बोट आणि पुढे अलिबाग. सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी किनाऱ्यावर असतो. (पावसाळ्यात ही बोट बंद असते, हे लक्षात ठेवावे.)

आता पालकसभेत दरवर्षी निघणारा प्रश्न. शाळेची सहल समुद्रावर का नेत नाही? विश्वस्त मंडळातही हा विषय आला आहे, म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ती तर मोठी, कॉलेजात शिकणारी मुले होती. चाळीस लहान मुले आणि तीन शिक्षक हा हिशोब समुद्रापुढे टिकत नाही, असे आमचे ठाम मत आहे. पण एक पालक आणि एक पाल्य हा हिशोब टिकतो. एकाचा हात दुसऱ्याच्या हातात राहतो. म्हणून समुद्र शाळेने नव्हे, आई-वडिलांनी दाखवावा. पाठीवर दोन पिशव्या, एक मोठी, एक लहान. लहान पिशवी मुलानेच उचलायची, बस स्टँडवर ती आईच्या खांद्यावर जाता कामा नये. गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) आपल्या मुलीला, म्हणजे पुढे लेखिका झालेल्या वीणा देव यांना, बरोबर घेऊन असेच किल्ले हिंडले. आपल्याला तेवढे जमणार नाही, पण चार दिवस नक्कीच जमतील.

मात्र निघण्यापूर्वी एक गोष्ट शिकून घ्यावी लागेल, आणि तोच आजचा पाठ आहे.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यात या विषयाला 'ज्वार-भाटा' म्हणतात. पहिल्या वर्षी आम्ही वर्गात सवयीने तोच शब्द उच्चारला, तेव्हा खानदेशातील मुलांना वाटले की सर ज्वारीबद्दल बोलत आहेत! मराठीत भरती-ओहोटी, गुजरातीत भरती-ओट. चंद्राच्या आणि काही प्रमाणात सूर्याच्या ओढीने समुद्राचे पाणी चढते व उतरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणून भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा व अमावस्येच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास दोन्ही ओढी काटकोनात असतात, चढउतार कमी होतो. ती भांगाची भरती.

सुरतकरांना उधाण वेगळे समजावून सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी तापीला आले, तेव्हा ९ तारखेला राखी पौर्णिमा होती. नदी समुद्रात उतरू पाहत होती आणि समुद्र उधाणाने वर चढत होता. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी शिरले होते, त्यांनी मुलांना ती गोष्ट या पाठाबरोबर जरूर सांगावी.

कोकणातील जुनी माणसे भरतीची वेळ घड्याळाशिवाय सांगतात. त्यांचा नियम असा : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेनंतर वद्य प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. भरतीच्या सव्वासहा तास आधी किंवा नंतर ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, म्हणून किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना एकदा विचारावेच. घरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर तिथी आहे, पाऊणकीचा पाढा पाठ आहे (पाठ नसेल तर ही एक संधी!). आणखी काय हवे?

हा नियम मुंबई-अलिबागच्या बाजूचा आहे. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. मालवणला ती थोडी आधी येते, डुमसला बरीच उशिरा. शिवाय खंबातचे आखात पुढे निमुळते होत जाते, त्यामुळे पाणी दाटून उंच चढते. भावनगरला उधाणात दहा मीटरहून अधिक फरक पडतो, मालवणला त्याच्या पाव हिश्शाइतकाच. डुमसला ओहोटीत समुद्र दूर गेलेला पाहून लोक मोटारी वाळूवर नेतात आणि मग त्या अडकल्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात. पाढा न येणाऱ्यांची ही यादी दरवर्षी वाढत आहे.

आपल्या सातवीतील एका विद्यार्थिनीने हा नियम प्रत्यक्ष वापरला. तिचे वडील लूम्सवर रात्रपाळी करतात. दिवाळीत खाते बंद असते, तेवढीच सुट्टी. भाऊबीज आटोपून बाप-लेक दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून अलिबागला गेले. शुद्ध चतुर्थी होती. भरती तीनला, म्हणून ओहोटी पावणेनऊला, असे मुलीने वहीत लिहून ठेवले होते. आठ वाजता दोघे ओल्या वाळूवरून चालत कुलाबा किल्ल्याकडे निघाले. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडीही असते, पण ते पैसे त्यांनी परतीच्या खर्चासाठी ठेवले.

कुलाबा किल्ल्याचे काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झाले. पुढे ते कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे झाले. किल्ल्यात गणपतीचे देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी आहे. चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. तोफांपाशी वडील रमले. ज्यांचे हात दिवसरात्र यंत्रावर असतात त्यांना ओतीव लोखंड पाहून सोडवेना. मुलगी म्हणाली, "पप्पा, साडेनऊ झाले." वडील म्हणाले, "अजून तर सगळी वाळूच दिसते आहे." तिने वही उघडून दाखवली. त्यावर वडिलांनी वाद घातला नाही, लगेच निघाले. मधल्या सखल पट्ट्यात येताना तिच्या गुडघ्यापर्यंत पाणी लागले. जाताना तिथे तिचे घोटेसुद्धा बुडाले नव्हते. त्यांच्या मागे राहिलेल्या काही मंडळींना पुढे होडीची वाट पाहावी लागली. हे सारे त्या वडिलांनी स्वतः शाळेत येऊन आम्हाला सांगितले. मुलीचे ऐकले, हे ते दोनदा म्हणाले.

ज्यांना आणखी दोन दिवस मिळतील त्यांनी कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून एस.टी.ने मालवण गाठावे. सिंधुदुर्गाला होडीनेच जावे लागते. लाइफ जॅकेट मागून घ्यावे, 'लहानसेच अंतर आहे' असे कोणी म्हटले तरी. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. त्याच वर्षी जानेवारीत महाराज कोठे आले होते, हे सुरतेतील मुलांना ठाऊक आहे. तो धडा शिकवताना आम्ही शब्द जरा जपून वापरतो, कारण दोन बाकांवर आपल्या गुजराती शेजाऱ्यांची मुलेही बसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आहे, आणि आपल्या बागलाणचा साल्हेरही आहे.

पाण्यात उतरताना मुलाने गुडघ्याच्या वर जाऊ नये आणि पालकाने त्याच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहावे. ओहोटीच्या वेळी पोहणे नको. पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याकडे सरळ झगडू नये, किनाऱ्याला समांतर आडवे सरकावे, ओढीचा पट्टा अरुंद असतो. आणि फोटो काढताना समुद्राकडे पाठ करू नये.

यंदापासून शाळेच्या फलकावर सुविचाराबरोबर तिथी आणि अलिबागच्या भरतीची वेळही लिहिली जाईल. ते काम सातवी 'ब' कडे आहे. चुकली तर मुलांनी येऊन सांगावे.

स्वाध्याय : (१) शुद्ध षष्ठीला अलिबागला भरती किती वाजता? सकाळची ओहोटी किती वाजता? (२) कुलाबा किल्ल्यावर चालत जाण्यास अष्टमी का योग्य नाही? (३) घरातील कॅलेंडर पाहून उन्हाळी सुट्टीतील असे तीन दिवस शोधा, ज्या दिवशी सकाळी नऊच्या आसपास ओहोटी असेल. उत्तरे पालकांच्या सहीने शनिवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. तिसरे उत्तर पालकांनी मुलांबरोबर बसून सोडवावे.